मैत्रिणीचे खिल्लार

सातारा, सांगली आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांच्या सीमा जेथे एकमेकींना भिडतात, तो माणगंगेचा मुलूख म्हणजे माणदेश. पाऊस तेथे बेताचाच. तो हुकला म्हणजे शहरातील मनुष्य नळाकडे पाहतो. माणदेशी मनुष्य आधी गोठ्याकडे पाहतो.

या माणदेशात, आटपाडी तालुक्यातील एका वस्तीवर, २०१९ च्या डिसेंबरात पुण्याहून एक बाई पाहुणी आली. घर तिच्या जुन्या मैत्रिणीचे. दोघींनी अध्यापनाचे शिक्षण एकत्र घेतलेले. एक शहरात रमली. दुसरी गावच्या शाळेतून निवृत्त होऊन आपल्या जनावरांत रमली. पाहुणी केवळ भेटीसाठी आली नव्हती. मैत्रिणीचा मुलगा तामिळनाडूत सोनेचांदी गाळण्याचे, म्हणजे गलाईचे काम करीत असे. या धंद्यापायी त्या भागातील कितीतरी कुटुंबे देशभर पांगली आहेत. आईने जनावरे विकून आपल्याकडे यावे, असा त्याचा आग्रह. “मावशी, ती माझं ऐकत नाही. तुम्हीच सांगून पाहा,” असे त्याने विनवले होते.

पण विषय काढण्यास उसंत मिळेल तर ना! “आधी सगळ्यांना भेट, मग चहा,” असे म्हणून मैत्रिणीने तिला थेट गोठ्यात नेले.

तेथे खिल्लारी गाय उभी होती. पांढरा, किंचित करडा रंग, काटक अंग, आणि कपाळापासून मागे झुकून पुन्हा डौलाने वर गेलेली लांब शिंगे. पाहुणीने कौतुकाने हात पुढे केला, तोच गाईने मान झटकून असा फुत्कार टाकला की पाहुणी चार पावले मागे!

“अगं, खिल्लार आहे ती! परक्याला अंगाला हात लावू देत नाही,” मैत्रीण हसत म्हणाली.

खिल्लार गाईची ख्याती दुधासाठी नव्हेच. वासराचे पोट भरून जे उरेल ते घरचे. तिचे खोंड मात्र चपळ आणि उन्हातान्हात न थकणारे. खरसुंडीच्या यात्रेत त्यांचा मोठा बाजार भरत आला आहे. पुढे मोटा गेल्या, शेतात ट्रॅक्टर आले, आणि बैलाचे काम उणावले. मग शेजारीपाजारी म्हणू लागले, “संकरित गाय घ्या, चरवी भरून दूध देईल.” त्यांचेही चुकत नव्हते, हिशेब करायला बसले म्हणजे तो असाच होतो.

गाय आटलेली असल्यामुळे चहा शेळीच्या दुधाचा झाला. काळीभोर उस्मानाबादी शेळी आणि तिची जुळी करडे! त्यांतील एकाने पाहुणीच्या पिशवीत तोंड घालून परतीचे तिकीटच चघळून टाकले. माडग्याळी मेंढी तेवढी गंभीर. पांढऱ्या अंगावर तपकिरी पट्टे आणि पोपटाच्या चोचीसारखे बाकदार नाक. जत तालुक्यातील माडग्याळ गावावरून तिला हे नाव पडले.

रात्री मैत्रिणीने उन्हाळ्यातील हकीकत सांगितली. विहीर आटली, कडबा संपला. शेळ्यामेंढ्या बहिणीकडे धाडून ती गाईसह चारा छावणीत राहायला गेली. ताडपत्रीचे पाल, टँकरचे पाणी आणि वैरण म्हणून ऊस.

“व्यापारी रोज यायचे. त्यांना चहा पाजून वाटेला लावायची,” ती म्हणाली. “एकदा मला ताप भरला. रात्री डोळा उघडावा तेव्हा हिची मान आपली पालाच्या तोंडाशी. पहाटेपर्यंत खाली बसली नाही बघ.”

पाहुणी काही बोलली नाही. इतक्यात मुलाचा फोन आला. ती तो घेऊन अंगणात गेली.

“मावशी, बोललात का आईशी?”

“अरे, गाय गाभण आहे. सातवा महिना चाललाय,” पाहुणी म्हणाली. “अशा वेळी कुणी दाव्याचं जनावर विकतं का? फेब्रुवारीत व्यायची ती. मी तेव्हा इथं येणारच आहे. तूही रजा काढून ये.”