कृष्णाकाठच्या मैफली

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा औंधची पंचमी नुकतीच होऊन गेलेली असेल. कोजागरीचे आटीव दूध पिऊन झालेले असते, घरात चकलीच्या भाजणीच्या गोष्टी सुरू झालेल्या असतात. त्या मधल्या दिवसांत आश्विन वद्य पंचमी येते. पुण्या-मुंबईच्या बिऱ्हाडांत या तिथीला कुणी फारसे ओळखत नाही. गवयांच्या घरांतून मात्र ती वर्षभर आठवणीत असते, कारण त्या दिवशी औंधला जायचे असते.

यंदा ती हुकली असेल तर हळहळू नका. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत कलावंतांनी एकत्र बसण्याच्या जागा एक-दोन नाहीत. कुठे गाणारे जमतात, कुठे लिहिणारे, कुठे रंगभूमीवरचे. पत्रिका छापून, तिकिटे लावून भरणारे मोठाले समारंभ आपण शहरात पाहतोच. इथली तऱ्हा निराळी आहे. ती पाहायची तर साताऱ्याहून निघावे आणि कृष्णेच्या ओघाबरोबर खाली मिरजेपर्यंत उतरत जावे.

पहिला मुक्काम अर्थातच औंध. साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे गाडी निघाली की हळूहळू उसाची हिरवळ मागे पडते आणि खटाव तालुक्याचा उघडा माळ सुरू होतो. लांबून डोंगर दिसतो, त्यावर मूळपीठाची यमाई. नवख्या माणसाला वाटावे, या कोरड्या मुलखात कलेचे काय काम? पण डोंगराच्या अंगावरचे श्रीभवानी संग्रहालय पाहिले की शंका फिटते. राजा रविवर्म्याची चित्रे तिथे आहेत, धुरंधरांची आहेत, आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचे ‘माता आणि बालक’ हे लहानसे शिल्पही आहे. लंडनच्या माणसानेही औंधला येऊन पाहावे असा हा ऐवज!

हे सारे जमवणारे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, कीर्तनकार होते आणि सूर्यनमस्काराचे तर कट्टे प्रचारक. संस्थान बेताचे, 72 गावांचे, तेही तुकड्या-तुकड्यांत विखुरलेले. पण या राजाला गुणी माणसे गोळा करण्याची भारी हौस. पंडित सातवळेकरांचा वेदाभ्यास औंधात चालला. किर्लोस्करांचा कारखाना ज्या ओसाड माळावर उभा राहिला तो औंध संस्थानचाच. आजची किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात आहे. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची मोकळी वसाहत झाली तीही औंधच्याच राज्यात. तिच्यावरून गदिमांनी कथा लिहिली आणि शांतारामबापूंनी 1957 साली ‘दो आंखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. आणि 1939 मध्ये तर या राजाने राज्यकारभारच रयतेच्या हाती सोपवला.

अशा या दरबारात अनंत मनोहर जोशी, म्हणजेच अंतुबुवा, हे गवई होते. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणाऱ्या बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे ते शिष्य. अंतुबुवांच्या मनात आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्याविषयी अपार भक्ती. त्यांच्या स्मरणार्थ 1940 साली बुवांनी औंधला संगीताचा उत्सव सुरू केला. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाचा आरंभ 1953 चा. म्हणजे औंधचा उत्सव त्याहून तेरा वर्षांनी थोरला.

आता यातली खरी कसोटी पुढे आहे. 1948 साली संस्थान विलीन झाले. 1951 मध्ये बाळासाहेब गेले. दरबार गेला की दरबारी गाणे जाते, असा आपल्याकडचा अनुभव. कितीतरी संस्थानांतले उत्सव असे मिटले की आज त्यांची नावेही कुणाला सांगता येत नाहीत. औंधचा उत्सव टिकला, कारण तो राजाच्या तिजोरीला बांधलेला नव्हता, गुरूच्या नावाला बांधलेला होता. अंतुबुवा 1967 साली गेले. त्यांचे चिरंजीव गजाननबुवा जोशी यांनी तो पुढे नेला. गळ्याने गाणारे आणि व्हायोलिनवरही तेच गाणे काढणारे गजाननबुवा 1987 मध्ये गेले. मग त्यांच्या शिष्यांनी खांदा दिला. शिवानंद स्वामी संगीत प्रतिष्ठानाच्या नावाने आता तो भरतो. उल्हास कशाळकरांसारखे गायक याच गजाननबुवांच्या तालमीतले.

इथे गाणे म्हणजे सेवा. शहरातल्या कार्यक्रमाला गवई येतो, दीड तास गातो, हारतुरे घेतो आणि मोटारीत बसतो. त्याच्या आधी कोण गायले हे त्याने ऐकलेले नसते, नंतरचा कोण हे त्याला पाहायचे नसते. औंधसारख्या आडगावी मोटारीत बसून जायचे तरी कुठे? मग तो बसतो, दुसऱ्याचे ऐकतो. ज्येष्ठ गवई समोर मांडी घालून बसला असताना तरुणाने तंबोरा जुळवायचा म्हणजे काय होत असेल, याची कल्पना करा! हजार टाळ्यांपेक्षा त्या एका मानेच्या हलण्याला अधिक किंमत असते. आणि सकाळचे सत्र सकाळीच असल्यामुळे तोडी, बिलावल यांना त्यांची वेळ मिळते. शहरात संध्याकाळी सहा ते दहाच्या मैफलींनी सकाळच्या रागांना जवळजवळ वनवासच घडवला आहे.

औंधहून उतरावे ते कऱ्हाडला. कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम आपण पाठ्यपुस्तकातून ओळखतो. पण 1975 साली या गावात साहित्य संमेलन भरले आणि अध्यक्ष होत्या दुर्गाबाई भागवत, हे मुलांना जरूर सांगावे. आणीबाणीचे दिवस. मंडपात यशवंतराव चव्हाणांसारखे केंद्रातले मंत्री हजर. अशा वेळी दुर्गाबाईंनी तुरुंगवासात प्रकृती ढासळलेल्या जयप्रकाशांसाठी सर्वांना प्रार्थना करायला सांगितले. लेखक एकत्र जमतात ते केवळ एकमेकांची पाठ थोपटायला, असे म्हणणाऱ्यांना कऱ्हाडचे हे एक उदाहरण पुरे. एकट्याने घरात बसून जे धैर्य होत नाही, ते चारचौघांत बसल्याने कधीकधी होते.

कऱ्हाडहून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीत बसावे आणि भिलवडीला उतरावे. जवळच कृष्णेच्या काठी औदुंबर. नृसिंहसरस्वतींच्या चातुर्मासाने पावन झालेले हे दत्तक्षेत्र भाविकांना ठाऊक आहेच. उंच घाट, घाटावरचा औदुंबर आणि खाली संथ पाणी. हेच पाणी पावसाळ्यात देवळात शिरते. 2019 सालच्या महापुरात तर या साऱ्या काठाने फार सोसले.

या गावाचे दुसरे दैवत म्हणजे साहित्य! सदानंद सामंत हा साहित्यवेडा तरुण मित्र अकाली गेला. मित्रांनी शोक केला, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. 1939 साली त्याच्या नावाने त्यांनी सदानंद साहित्य मंडळ काढले. त्यांत पुढे होते कवी सुधांशु, म्हणजे हणमंत नरहर जोशी. ‘दत्तदिगंबर दैवत माझे’ हे गीत आपल्यापैकी कितीतरी घरांत गुरुवारी ऐकू येते, ते यांचेच. सुधांशूंना 1974 साली पद्मश्री मिळाली, पण त्यांनी औदुंबर सोडले नाही. शहरात जाऊन मोठे होण्याऐवजी त्यांनी शहरातल्या मोठ्यांनाच गावात बोलावले. दर मकरसंक्रांतीला औदुंबरला संमेलन भरू लागले, आणि 2006 साली सुधांशु गेल्यानंतरही ती परंपरा चालू राहिली.

संक्रांतीचा दिवस निवडण्यातली खुबी ध्यानात घ्या. शेतकऱ्याच्या घरात त्या दिवशी सणाची उसंत असते. ऊस तोडणीला आलेला, हवेत गारवा, हातावर तिळगूळ. नामवंत लेखक येतो, अध्यक्ष म्हणून बोलतो. समोर आसपासच्या गावांतले शिक्षक, शेतकरी, शाळेतली मुले असतात. त्या मुलांतल्या एखाद्याच्या वहीत लपवून ठेवलेल्या कविता असतात. पुस्तकावर ज्याचे नाव वाचले तो माणूस आपल्यासारखाच जेवतो, आपल्याच बोलीत हसतो, हे त्याला प्रथमच दिसते. ‘मग मीही लिहीन,’ असे त्याला वाटले, तर संमेलनाचा सारा खर्च वसूल झाला म्हणावा. आणि येणारा लेखकही रिकाम्या हाती परतत नाही. आपले वाचक कोण, ते कसल्या घरांतून येतात, हे त्याला प्रकाशकाच्या हिशेबवहीतून थोडेच कळणार आहे?

आता सांगली. हळदीची पेठ म्हणून व्यापारी तिला ओळखतात. नाटकवाले तिला नाट्यपंढरी म्हणतात. 1843 साली सांगलीकर चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले आणि मराठी नाटकाचा प्रारंभ झाला. त्याची आठवण म्हणून 5 नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन पाळतात. सांगलीजवळच्या हरिपुरात देवल जन्मले, खाडिलकरही सांगलीचेच. दरवर्षी 5 नोव्हेंबरला सांगलीत रंगभूमीची सेवा केलेल्या एका कलावंताला विष्णुदास भावे गौरवपदक देतात. 1960 साली ते प्रथम बालगंधर्वांना मिळाले. मुंबईच्या चकचकीत पारितोषिकांची सवय झालेला नटही हे पदक घ्यायला येतो तो वारीला आल्यासारखा. दिवाळीची सुटी आणि हा दिवस बरेचदा लागूनच येतात, तेव्हा कुटुंबासह जाणे काही अवघड नाही.

सांगलीला लागूनच मिरज. इथे ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांचा दर्गा आहे. त्याच्या उरुसात पहिला गलेफ चढवण्याचा मान चर्मकार समाजाचा. ही एक गोष्टच या गावाची ओळख पटवायला पुरेशी आहे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ साहेब मिरजेत राहिले. ते आजारी असताना त्यांनी दर्ग्यात गाऊन सेवा केली आणि त्यांना गुण आला, असे मिरजकर श्रद्धेने सांगतात. 1937 साली मद्रासकडच्या प्रवासात त्यांचा अंत झाला. देह मात्र मिरजेला आणला आणि इथेच त्यांना दफन केले. तेव्हापासून उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते. दर्ग्याच्या आवारात, खुल्या आकाशाखाली गवई सेवा रुजू करतात. ऐकायला तिकीट नाही, पोशाखाची अट नाही. नवरात्रात अंबाबाईच्या देवळातही गाणे होते. गावात एका देवापुढचे सूर दुसऱ्या देवाला परके नाहीत.

आणि ज्या तंबोऱ्यावर हे सारे गाणे उभे राहते, तोही मिरजेतच घडतो. शिकलगारांची ही मंडळी मूळची तलवारींना धार लावणारी. राज्ये गेली, तलवारी म्यानात गंजल्या. तेव्हा सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी फरीदसाहेब शिकलगारांनी वाद्ये करायला घेतली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे कडू भोपळे महिनोन्‌महिने वाळवायचे, कापायचे, लाकडाची दांडी जोडायची. सारी कला शेवटी येते ती जवारीत. घोडीचा पृष्ठभाग कानसीने असा घासायचा की तार त्यावर नुसती टेकावी. मग तिच्याखाली सुताचा धागा सरकवून ती एक जागा शोधायची, जिथून स्वर फुलून येतो. हे काम मोजपट्टीने होत नाही, कानाने होते. 2024 साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट. पण आज गल्लोगल्ली विजेवरचा तंबोरा वाजतो. आणि सहा-आठ वर्षे जवारी शिकण्यात घालवायची की लौकर पगार देणारी नोकरी धरायची, हा प्रश्न या घरांतल्या मुलांपुढे उभा आहे.

इथेच आपला, म्हणजे शहरात राहणाऱ्या तुम्हा-आम्हा मंडळींचा संबंध येतो. औंध, औदुंबर, सांगली, मिरज या चारी ठिकाणी गुणीजन एकमेकांना भेटतात, एकमेकांकडून घेतात आणि नव्या उमेदीने परततात. आरंभी कुणा राजाने आश्रय दिला असेल, कुणा मित्राने मित्राच्या नावाने दिवा लावला असेल. पण आज राजे नाहीत, आणि ते पहिले मित्रही नाहीत. उरले आहेत ते ऐकणारे. समोरचा चौक रिकामा राहिला तर शिष्य कितीही निष्ठावंत असला तरी किती वर्षे सतरंजी अंथरील?

गृहिणी म्हणतील, ‘पण मुलांना कंटाळा येईल त्याचे काय?’ येईल, थोडासा येईल. पण संग्रहालय आहे, डोंगर आहे, नदी आहे, मिरजेत भोपळ्याचा तंबोरा होताना पाहायचा आहे. आणि एखाद्या पहाटे अर्धवट झोपेत कानी पडलेला षड्‌ज पुढे जन्मभर सोबत करतो, हे कुठल्या शाळेत शिकवायचे?

या सुटीत 5 नोव्हेंबर साधला नाही तर 14 जानेवारी दूर नाही. आणि पुढल्या वर्षीचे पंचांग घरी आले की आश्विन वद्य पंचमीवर पेन्सिलीने एक खूण करून ठेवा.