खंजिरीच्या गावी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या धर्मग्रामाच्या गायनवृंदातील आम्ही दहाजण वसईहून वर्धा जिल्ह्यात गेलो. निघताना आमची मने स्वच्छ नव्हती. आवाज चिरकतो म्हणून ईस्टरपूर्वीच्या बैठकीत आम्ही मावशींना वृंदातून वगळले होते. ज्यांनी आम्हांला सूर ओळखायला शिकविले, त्या मावशी गीतांची वही कपाटात ठेवून निमूटपणे निघून गेल्या. ठराव एकमताने झाला होता. म्हणून दोष कोणा एकाचा नव्हता, सर्वांचाच होता.

निमित्त होते ३० एप्रिलचे. १९०९ साली या दिवशी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा जन्म झाला. विदर्भात हा दिवस ग्रामजयंती म्हणून पाळतात. १९३६ साली याच तारखेला गांधीजी शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामी, राहावयास आले आणि त्याच वर्षी त्यांच्या निमंत्रणावरून महाराजही तेथे महिनाभर राहिले. सेवाग्रामजवळच्या एका खेड्यात त्या रात्री खंजिरी भजने होणार होती.

दिवसभर ४५ अंशांचे ऊन होते. सायंकाळी हरभरा काढून मोकळ्या झालेल्या शेतात सतरंज्या पसरल्या गेल्या. गावोगावची मंडळे आली. वरण-पोळी आणि आलू-वांग्याची भाजी जेवून सारे उघड्या आभाळाखाली बसले. निजायचेही तेथेच होते. एका मंडळात अगदी पुढे एक वृद्ध गृहस्थ खंजिरी घेऊन बसले होते. त्यांचा आवाज पार फाटलेला होता. आमच्यातील एकाने नवल व्यक्त करताच ते हसले. "आवाज गेला जी, पण ठेका कुठं गेला?"

मध्यरात्रीनंतर पाहुण्यांना गाण्याचा आग्रह झाला. आम्ही 'लीड, काइंडली लाइट' निवडले. १८३३ साली सिसिलीहून मायदेशी परतताना न्यूमन यांनी जहाजावर रचलेले, गांधीजींचे आवडते गीत. पुढे कॅथलिक झालेल्या न्यूमन यांना २०१९ साली संतपद मिळाले. पहिले कडवे संपते न संपते तोच वीज गेली आणि आमचा कीबोर्ड मुका झाला. दुसऱ्या कडव्यात खालचा सूर सुटला. तो सूर आजवर कोण धरून ठेवीत असे, हे त्या अंधारात आम्हां दहाजणांना एकाच क्षणी कळले. कोणी काही बोलले नाही. इतक्यात त्या वृद्धांनी खंजिरीवर बोटांनी हलकेच ठेका धरला. भाषा त्यांची नव्हती, चालही नव्हती. तरी त्या ठेक्याच्या आधाराने आम्ही गीत तडीस नेले.

पहाटे सेवाग्राम आश्रमात गेलो. गांधीजींनी लावलेल्या पिंपळाजवळच्या मोकळ्या अंगणात प्रार्थना चालू होती. छप्पर नाही, व्यासपीठ नाही. गाणारे आणि ऐकणारे एकाच जमिनीवर बसलेले. तेथे कोणाचा आवाज चांगला, हा प्रश्नच उरत नव्हता.

परतल्यावर आम्ही सारे मावशींकडे गेलो. क्षमा मागितली. त्यांनी कोकमाचे सरबत दिले, प्रवासाची हकिकत विचारली आणि परत येण्याविषयी एवढेच म्हणाल्या, "बघू."

त्यांची खुर्ची आम्ही दर रविवारी मांडतो. ती अद्याप रिकामी आहे.