३४४९४

जुन्या बाजारातून घेतलेला टेलिप्रिंटर साताऱ्याच्या घरी उतरवला, तेव्हा आई म्हणाली, "लोक भंगार घराबाहेर काढतात, तू आत आणतेस." बाबा काहीच बोलले नाहीत. नुसता कव्हरवरून हात फिरवला. मद्रासच्या हिंदुस्थान टेलिप्रिंटर्सचं यंत्र. तार ऑफिसात बाबांनी उमेदीची वर्षं अशाच यंत्रासमोर काढली. जुलै २०१३ मध्ये देशातली तार सेवा बंद झाली. निवृत्तीनंतर तर ते गप्पच झाले. मी पुण्याहून फोन केला की "जेवलीस का?" विचारतात आणि फोन आईकडे देतात.

मला ते यंत्र लॅपटॉपला जोडायचं होतं. सोपं वाटलं होतं. पण त्याचं एक अक्षर पाच बिटांचं, आणि माझ्याकडची यूएसबी चिप सात बिटांखाली उतरायला तयार नाही. शेवटी एका छोट्या मायक्रोकंट्रोलरवर कोड लिहिला. प्रत्येक बिटाला २० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला जेमतेम साडेसहा अक्षरं.

पाच बिटांत ३२ संकेत बसतात. अक्षरं आणि आकडे मिळून ते पुरत नाहीत, म्हणून एकाच संकेताचे दोन अर्थ. "आता आकडे" सांगितलं की "आता अक्षरं" म्हणेपर्यंत यंत्र आकडेच छापतं.

सगळं जुळल्यावर सर्व्हरचा लॉग पाठवला. खडखडाट करत यंत्राने वेळ छापली आणि पुढे ३४४९४. हा कुठला कोड, म्हणून मी अर्धा तास शोधत बसले. बाबा चहा घेऊन मागे उभे होते.

"एरर लिहिलंय," ते म्हणाले. "तीन म्हणजे ई, चार म्हणजे आर, नऊ म्हणजे ओ. वेळ छापल्यावर अक्षरांवर परत यायला विसरलीस तू."

त्या दिवशी बाबा दोन तास बोलत होते.

संध्याकाळी काम थांबवलं आणि मी लाइनचा प्रवाह बंद करायला गेले. त्यांनी अडवलं. "लाइन रिकामी असते तेव्हाही प्रवाह चालू लागतो. तो तुटला की यंत्र वेड्यासारखं खडखडत सुटतं. त्यावरूनच आम्हाला कळायचं, तार तुटलीय."

आता यंत्र साताऱ्यालाच असतं. मी रात्री पुण्याहून इंटरनेटवरून एक ओळ पाठवते, रोमन लिपीत: जेवलात का? बाबा की-बोर्डवर उत्तर टाइप करतात. आमच्यातलं कनेक्शन गेलं तर यंत्राचा प्रवाहही तुटावा, अशी सोय मी कोडमध्ये केली आहे.

काही रात्री दोघंही काही पाठवत नाही. मग सकाळी मी आईला विचारते, "रात्री यंत्र खडखडलं का गं?"

"नाही," ती म्हणते. "गप्प होतं."