सांगोल्याचे अकरा कौल

विधिमंडळाच्या कामकाजाचा अभ्यास करताना आमदाराची मंत्रिपदे मी सगळ्यांत शेवटी पाहतो. दुष्काळी तालुक्यातून आलेला माणूस एकच मागणी किती वर्षे आणि किती वाटांनी सभागृहात आणत राहिला, यावरच त्याची कारकीर्द जोखावी, असे माझे ठाम मत आहे. या कसोटीला गणपतराव देशमुखांइतका उतरणारा दुसरा आमदार मला दिसत नाही.

सोलापूर जिल्ह्यातला सांगोला हा माणदेशी तालुका. पाऊस बेभरवशाचा आणि माण नदी बहुतेक काळ कोरडी. इथून शेतकरी कामगार पक्षातर्फे गणपतराव १९६२ मध्ये पहिल्यांदा निवडून आले आणि २०१४ मध्ये अकराव्यांदा. मधे दोनदा हरले. १९७२ मध्ये गेलेली जागा १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत मिळाली. १९९५ मध्ये अवघ्या १९२ मतांनी पराभव झाला. १९७८ च्या पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारात आणि १९९९ मध्ये विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात ते मंत्री होते. मंत्रिपदाचे हे दोन काळ सोडले तर बाकीची सारी कारकीर्द विरोधी बाकांवर गेली.

विरोधी बाकावरच्या छोट्या पक्षाची अडचण बाहेर फारशी कळत नाही. मोठ्या चर्चेत बोलायला वेळ मिळतो तो पक्षाच्या संख्याबळावर. ज्याच्यामागे मोजकेच आमदार, त्याला काही मिनिटांत बसावे लागते. म्हणून त्याची खरी हत्यारे नियमावलीत असतात. तारांकित प्रश्नांची छापील यादी घ्या. प्रश्न विचारलेला असतो, ‘हे खरे आहे काय?’ खाली खात्याचे उत्तर, ‘हे खरे नाही’, आणि पुढच्या सगळ्या भागांना एकच ओळ, ‘प्रश्न उद्भवत नाही’. नवखा आमदार इथे गप्प बसतो. मुरलेला आमदार उपप्रश्नाला उभा राहतो, मंत्र्याकडून तरतुदीचा आकडा किंवा काम पुरे होण्याची तारीख वदवून घेतो. मंत्री सभागृहात बोलला की ते आश्वासन होते, आणि त्याचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती असते. तेवढ्यानेही भागले नाही तर अर्धा तास चर्चा, लक्षवेधी, अर्थसंकल्पी मागण्यांवर कपात सूचना. हे चिवट, कंटाळवाणे काम आहे. त्यातून बातमी होत नाही, पण खात्याची फाइल हलते.

गणपतरावांची अशी मुख्य मागणी म्हणजे कृष्णा नदीचे पाणी. या नदीच्या पाणीवाटपासाठीच्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले होते आणि ते वापरण्याची सोय २००० सालापर्यंत उभी करायची होती. धरणे पश्चिमेला, तहान पूर्वेला. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी आणि डॉ. भारत पाटणकर यांच्यासोबत गणपतरावांनी तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद आटपाडीत उभी केली. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजनांसाठीचा रेटा तिथून वाढला. सभागृहातला प्रश्न आणि आटपाडीतला मेळावा ही एकाच कामाची दोन टोके होती. मेळाव्याशिवाय त्या प्रश्नाला वजन आले नसते.

पाणी येईपर्यंत तालुका हात बांधून बसला नाही. ठिबकावर डाळिंब उभे राहिले, कापूस फारसा न पिकणाऱ्या सांगोल्यात सहकारी सूतगिरणी चालली. एसटीने फिरणारा आमदार म्हणून गणपतरावांचे कौतुक खूप झाले. ते रास्तच आहे, पण त्या कौतुकात त्यांचे विधिमंडळातले काम झाकून जाते, याची मला खरोखर खंत वाटते.

३० जुलै २०२१ रोजी ते गेले. २०२४ मध्ये त्यांचे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख त्याच पक्षातर्फे निवडून आले. उपशाच्या विजेचे ८१ टक्के बिल सरकारने आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी भरावे, ही पाणी परिषदेच्या चळवळीने लावून धरलेली मागणी सरकारने मान्य केली आहे. आता पुढचा मुद्दा आहे तो शेवटच्या गावाला पाळीप्रमाणे पाणी मिळण्याचा, आणि तोही तारांकित प्रश्नाच्या यादीतच मांडावा लागणार आहे.