चूल आणि धुराडे

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. फीपुरते मिळावे म्हणून संध्याकाळी संगणक-दुरुस्तीच्या दुकानात बसतो. गेल्या मेमध्ये एका गिऱ्हाइकासाठी १० लिटरच्या पेटीत गेमिंगचा संगणक जुळवला. १७ सेंटिमीटर चौरस मिनी-आयटीएक्स बोर्डावर हौसेने १०५ वॉटचा प्रोसेसर चढवला. कूलर मात्र ३७ मिलिमीटर उंचीचाच मावला. खेळ सुरू होताच पारा ९५ अंशांवर, चाल मंद! उघडलेला प्रोसेसर परत कोण घेणार? फी बुडाली, या धास्तीने घास उतरेना. बाबा गवंडी. म्हणाले, "चूल मोठी आन् धुराडं बारीक. मग जाळ कमी कर की!"

सकाळी बायोसमध्ये ईको मोड लावून तो ६५ वॉटवर आणला. पारा ८८ वर थांबला. वेगातला फरक गिऱ्हाइकाला कळला नसता; मी मात्र सांगून टाकले.