छाटणीच्या काड्या

आज सुट्टी, ऊनही कोवळं. गच्चीवर काड्यांचा पसारा मांडला. अंजीर, डाळिंब आणि ‘बेंगळूर ब्लू’ द्राक्ष. ही काळी, आंबटगोड द्राक्षं देवनहळ्ळी-चिक्कबळ्ळापूरकडची. २०१३ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. छाटणीनंतर काड्या बांधावर पडतात आणि आमच्यासारख्यांची चंगळ होते.

काडी पक्व, पेन्सिलीएवढी जाड, वीतभर. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, सरळ. वरचा तिरपा, म्हणजे उलटी रोवली जात नाही. मुळं फुटावीत म्हणून लावायचं औषध, आयबीए, नुसत्या पाण्यात नीट विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलात घोळवावं लागतं. लिटरला १ ग्रॅम म्हणजे १००० पीपीएम. त्यात बुडखा काही सेकंद बुडवला की पुरे. हावरटपणा केला तर काडी काळी पडते.

कोंब दिसले की शेजारच्या अज्जी खूश होतात. मला त्या पालवीचा काडीचाही भरवसा नाही! आतल्या साठ्यावर पानं फुटतात. मुळं मागाहून येतात, कधी येतच नाहीत. उपटून बघण्याचा मोह तेवढा आवरायचा.

आंब्याच्या काडीवर मात्र हे औषध वाया घालवू नका. त्याला कलमच हवं.