शंभर पावलांच्या आत

प्रिय पॉप,

मराठीत लिहिते आहे. रागवायचं झालं की मला मराठीच लागते, हे तुम्हाला ठाऊक होतंच. अर्थ कळला नाही तरी तुम्ही निमूट ऐकून घ्यायचात. आताही घ्या.

ट्रक मुलाला आणि विंचेस्टर रायफल सुनेला, असं मृत्युपत्रात लिहून मोकळे झालात? मला एका शब्दाने तरी विचारायचंत! वकिलाने वाचून दाखवलं तेव्हा तुमचा मुलगा हसला. ते हसू मला काही बरं वाटलं नाही. त्याला शिकारीचा कंटाळा, कबूल. पण तुमच्या आजोबांनी घेतलेली रायफल संगमेश्वरच्या पोरीच्या हाती देताना दोघांना समोर बसवून चार वाक्यं बोलला असतात, तर काय बिघडलं असतं? बंदुकीबद्दल तासन् तास बोलणारा माणूस तुम्ही. स्वतःबद्दल मात्र मिठाची गुळणी.

बंदुकीबद्दल काय काय सांगायचात! जॉन ब्राउनिंगने आखलेलं 1894 चं मॉडेल, न्यू हेवनच्या कारखान्यातली 1897 ची घडण, .38-55 चं काडतूस. आठ पैलूंची नळी. उजव्या अंगाच्या झडपेतून एकेक काडतूस अंगठ्याने आत सारायचं. शेवटच्याला अंगठा चिमटतोच. नळीखालच्या नळकांड्यात काडतुसं एकामागे एक असतात, मागच्या गोळीचं नाक पुढच्याच्या बुडाला टेकलेलं. म्हणून टोकदार गोळी चालत नाही, चपटीच हवी. आणि त्या काळच्या नळ्या सगळ्या एका मापाच्या नाहीत, म्हणून मऊ शिशाचा गोळा लाकडी दांडीने नळीतून ठोकत ठोकत बाहेर काढायचा, मायक्रोमीटरने मोजायचा आणि मग त्या मापाच्या गोळ्या ओतायच्या. हे सगळं तुम्ही गॅरेजमध्ये करून दाखवलंत. घाई तेवढी करू दिली नाहीत.

ती 1899 च्या आधीची, म्हणून अमेरिकेच्या संघराज्याच्या कायद्यात तिची गणना बंदुकीत होतच नाही, हे सांगताना केवढे खूश व्हायचात! आणि लगेच दटावायचात, ‘हरणाला कायदा ठाऊक नाही. नळी कुठे रोखली आहेस, बघ आधी!’

खंडेनवमी आठवते? मी रायफलीला हळदकुंकू लावलं, अंगणातल्या झेंडूची माळ घातली. तुम्ही हात जोडलेत, माझ्याबरोबर बेताबेताने वाकलात. मी आत गेल्यावर मात्र चिंधीला तेल लावून पोलादावरचं कुंकू पुसून काढलंत. पाण्यात कालवलेलं होतं ना! देव राहिला बाजूला, गंज आधी. मी खिडकीतून पाहत होते, पॉप.

पेनसिल्व्हेनियातल्या तुमच्या पॉटर काउंटीत आता मी एकटीच मचाणावर बसते. शेजारच्या मचाणावरचे दुर्बीण लावून तीनशे यार्डांवरचं बोलतात. आपल्या रायफलीची रिकामी पुंगळी वरूनच उडते, त्यामुळे दुर्बीण नीट बसत नाही. बसली असती तरी तुम्ही बसवू दिली नसती. नळीच्या टोकावरची माशी आणि आपला डोळा. गोळी जड, संथ, लवकर खाली येणारी. ‘शंभर पावलांपलीकडचं हरीण आपलं नाही,’ असा तुमचा नियम. सुरुवातीला मला तो जाच वाटायचा. आता त्यातच मजा येते. लांबचं सगळं सोडूनच द्यायचं, म्हटल्यावर जवळचं दिसायला लागतं: बीचच्या झाडांची सालपटं, खारीने उकरलेली पानं, वाऱ्याने बदललेली दिशा. या हंगामात एक नर आला. चाप दाबून धरून घोडा हळूच मागे घेतला, चाप सोडला; तुम्ही शिकवलंत तसं, खट्ट न होता. शिंगांची टोकं नीट मोजता येईनात. तो निघून गेला. दुसरा आला तो माझा. त्याच्याजवळ गेले तेव्हा अंगात वाफ होती अजून. हात कापत होते. कापायलाच हवेत, असं तुम्हीच म्हणाला होतात ना?

गंमत बघा, ही रायफल घडली तेव्हा पेनसिल्व्हेनियात हरणं जवळजवळ संपली होती. जंगलं तोडलेली, बेसुमार शिकार झालेली. 1895 मध्ये गेम कमिशन स्थापन झालं, 1906 पासून बाहेरच्या राज्यांतून हरणं आणून सोडली, 1907 मध्ये माद्यांना कायद्याचं संरक्षण मिळालं. पुढे 1937 च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी जाऊ लागला. माझ्या देशात 1972 च्या कायद्यानंतर शिकारीची दारं जवळपास बंदच झाली. मला ते तेव्हाही बरोबर वाटायचं, आजही वाटतं. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही वाद घातला नाहीत. ‘कुठे थांबायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, पण ठरवावं,’ म्हणालात.

मग तुमचं थांबणं माझ्यापासून का लपवलंत? शेवटच्या हंगामांत नळकांड्यात एकही काडतूस नसायचं. माशी दिसत नव्हती, हो ना? थर्मासमधली कॉफी पीत दिवसभर बसायचात आणि संध्याकाळी ‘आज काही आलं नाही’ म्हणायचात. मी विचारलं नाही. तुम्हाला ते कळलं होतं, असं मला वाटतं.

मांसाचे वाटे अजून तसेच घालते. आमच्याकडे पारधीनंतर हाकाऱ्यांनाही वाटा मिळायचा, हे ऐकल्यापासून ट्रक ढकलायला आलेल्या पोरालाही तुम्ही पुडकं द्यायचात. खोबऱ्याच्या वाटपातला रस्सा खाताना तुमच्या टकलावर घाम यायचा आणि तरी वाटी पुढे यायची.

नात पुढच्या वर्षी बाराची होते, म्हणजे शिकारीचा वर्ग पुरा केला की परवाना निघेल. ती विचारते, मांस दुकानात मिळतं ना, मग कशाला? मी तिला सांगणार आहे, की दुकानातल्या मांसाच्या शंभर पावलांच्या आत आपण कधी जात नाही. पटलं तर येईल. नाही आली तर नाही. तुमचा मुलगा आला नाही म्हणून तो तुम्हाला कमी लाडका होता का? नव्हता. पण त्याला ते कधी सांगितलं नाहीत तुम्ही. परवा ट्रक धुताना मी सांगितलं. तुमच्या वतीने.

तुमची,
सूनबाई